जुन्या इंजिनाची विचारपूस

समुद्रावर उदरनिर्वाह करणाऱ्या माणसाला दोन आवाज झोंपेंतही ऐकूं येत असतात. एक वाऱ्याचा आणि दुसरा आपल्या नौकेच्या इंजिनाचा. वारा फिरला कीं त्याचा डोळा उघडतो, आणि इंजिनाचा ठोका चुकला कीं तो उठून बसतो. वाऱ्यावर आपली सत्ता चालत नाहीं. इंजिनावर मात्र ती बऱ्याच अंशीं चालते. ती कशी चालवावी, याविषयीं चार शब्द सांगण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलों आहें.

मी विद्वान इंजिनियर नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर मच्छीमारी नौकांचीं इंजिनें दुरुस्त करण्यांत माझीं चाळीसांहून अधिक वर्षें गेलीं. ज्या इंजिनांशीं माझा संबंध आला, त्यांतील पुष्कळशीं पंचवीस-तीस वर्षें वयाचीं होतीं. कांहीं तर माझ्याहूनही वडील होतीं. म्हाताऱ्या रोग्यांच्या उशाशीं बसलेल्या वैद्याला जें ज्ञान होतें, तेवढेंच माझ्यापाशीं आहे. तें ऐकून घ्यावें, एवढीच विनंति.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. याचा जनक रुडॉल्फ डिझेल. त्याचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें एका जर्मन कुटुंबांत झाला. १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग शहरीं त्यानें आपलें यशस्वी इंजिन चालवून दाखविलें. त्या परीक्षेंत जळणांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग कामास लागला. त्या काळच्या बहुतेक वाफेच्या यंत्रांना याच्या निम्मेंही साधत नसे. पुढें १९१२ सालीं ‘सेलंडिया’ नांवाचें डेन्मार्कचें जहाज या इंजिनांच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकला जाऊन आलें आणि धुराडें नसलेलें जहाजही महासागर ओलांडूं शकतें अशी जगाची खात्री पटली. दुसऱ्याच वर्षीं, १९१३ च्या सप्टेंबरांत, खुद्द डिझेल हा इंग्लंडकडे जात असतां रात्रीं बोटीवरून नाहींसा झाला. ज्यानें दर्यावर्दी लोकांना हें साधन दिलें, त्याचा अंत समुद्रांतच व्हावा, हा दैवाचा विचित्र खेळ होय.

आपल्या किनाऱ्यावर हें यंत्र सर्रास आलें तें १९५० नंतर, पंचवार्षिक योजनांच्या काळांत. तोंवर आपली सारी भिस्त शिडावर आणि वल्ह्यांवर होती.

या इंजिनाचें मर्म अगदीं सोपें आहे. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड गरम होतें, हें आपण सर्वांनीं अनुभविलें असेल. हवा दाबली कीं ती तापते. डिझेल इंजिनांत दट्ट्या हवेला दाबून तिच्या मूळच्या आकाराच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी लहान करतो. त्यामुळें ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते. नेमक्या त्याच क्षणीं नोझलमधून तेलाचा धुक्यासारखा बारीक फवारा आंत येतो व आपोआप पेट घेतो. तेथें ठिणगीचें कांहीं काम नसतें. जुन्या पद्धतीचें इंजिन एकदां सुरू झालें कीं त्याला विजेचीही गरज उरत नाहीं. भर समुद्रांत बॅटरी मेली तरी तें चालत राहतें. त्याचा हा मोठाच गुण आहे.

यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानीं येईल. जें इंजिन सुरू होत नाहीं त्याला विचारावयाचे प्रश्न तीनच आहेत. तुला तेल मिळतें काय? तुला हवा मिळते काय? तुझ्या पोटांत दाब बसतो काय? आणि जें सुरू आहे तें टिकावें म्हणून आणखी दोन प्रश्न: तुझ्या अंगांतून पाणी फिरतें काय, आणि वंगण फिरतें काय? या पांच प्रश्नांच्या बाहेरचा रोग मीं फार थोड्या वेळां पाहिला. तरीही मनुष्य संकटांत सांपडला म्हणजे हे पांच सोपे प्रश्न सोडून सहाव्या, अवघड प्रश्नाकडे धांव घेतो. मींही तसेंच केलें होतें. ती हकीकत सांगणें मला सुखाचें नाहीं, परंतु तिच्यावांचून माझें आजचें सांगणें पुरें होणार नाहीं.

१९८४ सालचा ऑगस्ट महिना होता. नारळी पौर्णिमा होऊन चार-पांच दिवस झाले होते. मी तेव्हां तरुण होतों आणि माझ्या हातांत कला आहे असा मला गर्व होता. एका मचव्याचें दोन सिलिंडरांचें जुनें इंजिन मीं पावसाळ्यांत उघडून स्वच्छ केलें होतें. बंदरांत दोन-तीन वेळां अर्धा-अर्धा तास चालवूनही पाहिलें होतें. हंगामाच्या पहिल्या फेरीस, खात्री म्हणून, तांडेलानें मला बरोबर घेतलें. आम्ही सातजण होतों. पश्चिमेचा वारा अजून सरला नव्हता आणि लाट मोठी होती.

दोन तास इंजिन उत्तम चाललें. मग त्याचा आवाज खालवर होऊं लागला. दम लागलेला मनुष्य बोलतां बोलतां थांबावा तसें तें थांबे, पुन्हां उचल खाई, आणि अखेरीस बंद पडलें. मीं तेलाच्या गाळणीवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. बुडबुडे आले. ‘इंजिनानें एअर धरली आहे,’ मीं जाहीर केलें. एअर काढली, इंजिन सुरू झालें, दहा मिनिटें चाललें व पुन्हां बंद पडलें. पुन्हां एअर काढली. तें पुन्हां चाललें, पुन्हां थांबलें. चौथ्या वेळीं बॅटरीचा जीव गेला. एव्हांना वारा आम्हांस किनाऱ्याकडे ढकलीत होता, आणि तेथें किनारा म्हणजे कातळ होता. नांगर टाकला, पण तळाशीं वाळू असल्यानें तो नीट धरीना. अधूनमधून ओढला जात होता. खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा फेंस आतां स्पष्ट दिसूं लागला होता.

अशा वेळीं मीं काय करावें? मीं निदान केलें कीं तेल दाबून देणारा मुख्य पंपच बिघडला असला पाहिजे. पाना घेऊन मी त्याचे बोल्ट सोडूं लागलों. तो पंप इंजिनाशीं अचूक वेळ जुळवून बसविलेला असतो. हेलकावणाऱ्या नावेंत, कंदिलाच्या उजेडांत, तो काढून पुन्हां जागेवर वेळेंत बसविणें माझ्याच्यानें झालें नसतें. दुसरा बोल्ट सुटणार तोंच वृद्ध तांडेल इंजिनाच्या खोलींत उतरले. त्यांनीं माझा हात धरला व शांतपणें विचारलें:

“मिस्त्री, या इंजिनाला शेवटचा हात कोणाचा लागला?”

“माझाच.”

“मग इंजिनाला काय विचारतोस? हाताला विचार.”

मी जागच्या जागीं थिजलों. मीं पावसाळ्यांत काय काय केलें होतें, तें एकेक आठवूं लागलों. वंगण बदललें. गाळणी धुतली. टाकी पुसली. आणि टाकीला हवा मिळण्यासाठीं वर जी छत्रीच्या मुठीसारखी वांकविलेली नळी असते, तींत पावसाचें पाणी जाऊं नये म्हणून एक चिंधी कोंबली. ती चिंधी मीं काढलीच नव्हती. वरून रंगाचा हात फिरविला तेव्हां ती दिसेनाशीही झाली होती.

मी वर धांवलों आणि टाकीचें झांकण उघडलें. सुस्कारा टाकावा तसा आवाज करून हवा आंत शिरली. बंद टाकींतून इंजिन तेल ओढीत होतें, त्याच्या जागीं हवा येत नव्हती, म्हणून आंत पोकळी निर्माण होऊन तेल येणें थांबत होतें. बंदरांतल्या अर्ध्या तासाला झांकणाच्या फटींतून येणारी थोडी हवा पुरली. भर वेगाच्या दोन तासांना ती पुरली नाहीं. आणि मीं जे बुडबुडे पाहिले, ते खरे होते, पण ते रोगाचें कारण नव्हते. मीं स्क्रू सैल करीत होतों तेव्हां ती पोकळीच बाहेरची हवा आंत ओढून घेत होती.

मीं बोल्ट पुन्हां आंवळले, एअर काढली. बॅटरी नव्हती, म्हणून दाब सोडण्याची खिट्टी वर करून दोघांनीं हॅण्डल फिरविलें आणि वेग येतांच खिट्टी पाडली. तिसऱ्या खेपेस इंजिनानें ठोका दिला. नांगर ओढून घेऊन आम्ही बाहेर पडलों. परत येईपर्यंत तांडेल एक शब्दही बोलले नाहींत. बंदरांत उतरल्यावर मात्र त्यांनीं ती चिंधी माझ्या हातांत ठेवली आणि म्हणाले, “जपून ठेव.” ती मीं अद्याप जपून ठेवली आहे.

श्रोतेहो, या प्रसंगानें मला जो पहिला नियम शिकविला तो असा: सुरळीत चालणारें इंजिन एकाएकीं बिघडलें, तर त्यास शेवटचा हात कोठें लागला तें आधीं पाहावें. दुसरा नियम त्यांतूनच निघतो: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहावा. घाईघाईनें तीन गोष्टी बदलल्या आणि इंजिन सुरू झालें, तर कशानें झालें तें कळत नाहीं. आणि सुरू झालें नाहीं, तर मूळच्या एका दोषांत आपण दोन नवे मिळवून ठेवतों. तिसरा नियम: बाहेरून आंत आणि सोप्याकडून अवघडाकडे जावें. टाकीपासून नोझलपर्यंत तेल ज्या वाटेनें जातें, त्याच वाटेनें आपणही जावें. टाकींत तेल आहे काय, तिला हवा मिळते काय, तोटी उघडी आहे काय, गाळणी स्वच्छ आहे काय, जोड ओले आहेत काय. मुख्य पंप या यादींत अगदीं शेवटीं येतो.

आतां त्या पांच प्रश्नांकडे क्रमानें वळूं.

तेलाचे शत्रु दोन: पाणी आणि घाण. रात्रीं टाकी थंड झाली कीं तिच्या रिकाम्या भागांतील हवेचा ओलावा भिंतींवर जमतो व ठिबकून तळाशीं जातो. पाणी तेलाहून जड असल्यामुळें तें तेथेंच सांचतें, आणि जेथें पाणी व तेल यांची गांठ पडते तेथें एक प्रकारची बुरशी वाढून काळा चिकट गाळ तयार होतो. शांत खाडींत हा गाळ तळाशीं निमूट पडून राहतो. वादळी लाटेंत टाकी घुसळली जाते, तो गाळ वर उठतो आणि गाळणी बंद करतो. इंजिन नेमकें वादळांतच कां बंद पडतें, याचें उत्तर पुष्कळदां हेंच असतें. यास उपाय दोन. फेरीहून आल्यावर टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओलाव्यास जागा उरत नाहीं. आणि रोज सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं टाकीच्या तळाची तोटी उघडून वाटीभर तेल कांचेच्या भांड्यांत घ्यावें. पाणी असल्यास तें खालीं वेगळें दिसतें. या कामास दोन मिनिटें लागतात.

हवेविषयीं फारसें सांगावयास नको. मात्र इंजिनाची खोली सर्व बाजूंनीं बंद करून वर जाळ्यांचे ढीग रचूं नयेत. इंजिनासही श्वास घ्यावयाचा असतो.

दाबाची परीक्षा हातानें होते. खिट्टी न उचलतां हॅण्डल सावकाश फिरवावें. दट्ट्या वर येतांना हाताला स्प्रिंगेसारखा प्रतिकार जाणवला पाहिजे. एका सिलिंडरला तो जाणवतो आणि दुसऱ्याला नाहीं, तर दुसऱ्याची झडप नीट बसत नाहीं किंवा रिंगा झिजल्या आहेत असें समजावें. येथें एक सूचना. हॅण्डल धरतांना अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मूठ वळूं नये. इंजिनानें उलटा झटका दिला तर वळलेल्या मुठीचा अंगठा मोडतो. मीं असे अंगठे पाहिले आहेत.

चवथा प्रश्न पाण्याचा. बहुतेक जुन्या नौकांत समुद्राचेंच पाणी आंत घेऊन इंजिन थंड करतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी साधारण ५५ ते ६० अंशांपलीकडे तापूं लागलें कीं त्यांतील कांहीं क्षार आंतल्या वाटांवर थर धरतात. थर धरला कीं वाट अरुंद होते, वाट अरुंद झाली कीं इंजिन अधिक तापतें, आणि तापलें कीं थर अधिक धरतो. हें दुष्टचक्र वेळींच तोडावें लागतें. पाणी ओढणाऱ्या पंपांत रबराच्या पाकळ्यांचें एक लहानसें चक्र असतें, त्यास इंपेलर म्हणतात. पंप कोरडा फिरला तर या पाकळ्या थोड्याच वेळांत जळून तुटतात. नवें चक्र बसवून काम संपलें असें मात्र समजूं नये. तुटलेल्या पाकळीचे तुकडे मोजून जुळवावेत. एक तुकडा कमी भरला, तर तो पुढें एखाद्या नळींत अडकून बसला आहे आणि नवें चक्र बसवूनही इंजिन तापणार आहे.

धुराबरोबर पाणी बाहेर पडतें कीं नाहीं, तें दर तासाला वांकून पाहण्याची संवय तांडेलानें ठेवावी. काट्यावर उष्णता दिसण्यापूर्वीं ती धार बारीक झालेली दिसते. इंजिन तापलेंच, तर वेग कमी करून त्याला सावकाश निवूं द्यावें. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी ओतल्यास सिलिंडरचें डोकें तडकतें. ज्या इंजिनांत गोड्या पाण्याची बंद टाकी असते, तिचें झांकण गरम असतांना उघडूं नये. आंतलें उकळतें पाणी तोंडावर उसळतें.

पांचवा प्रश्न वंगणाचा. वंगणाची कांडी ही वैद्याच्या दृष्टीनें रोग्याची जीभ आहे. ती रोज पाहावी. वंगण काळें दिसणें हा दोष नव्हे. डिझेल इंजिनांत तें लौकरच काळें होतें. तें दुधाळ झालें असेल तर आंत पाणी शिरलें आहे. तें कमी होण्याऐवजीं वाढलेलें दिसलें, तर आनंद मानूं नये. पाणी किंवा डिझेल तेल त्यांत मिसळत आहे. दोन बोटांत चोळून पाहावें. पातळ लागलें व डिझेलचा वास आला, तर कोठें तरी गळती आहे. अशा वंगणावर इंजिन चालविणें म्हणजे बेअरिंगें जाळून घेणें होय.

आतां धुराची भाषा. काळा धूर म्हणजे तेल अधिक व हवा कमी, किंवा इंजिनावर त्याच्या ताकदीबाहेरचा बोजा. पंख्याला दोरी किंवा जाळें गुंडाळलें असेल, बुडाला शिंपले व शेवाळ धरलें असेल, तरीही काळा धूर येतो. इंजिनास हात लावण्यापूर्वीं पाण्याखालीं पाहावें. निळा धूर म्हणजे वंगण जळत आहे. पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. डोळ्यांना झोंबणारा, तेलाच्या वासाचा असेल तर तेल न जळतां बाहेर येत आहे. वाफेसारखा, वास नसलेला आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा असेल, तर आंत पाणी जात असावें. रोग कोणत्या सिलिंडरांत आहे, हें पाहण्याची जुनी युक्ति अशी: इंजिन मंद चालत असतां एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करावा. ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलतो, तो सिलिंडर काम करीत होता. ज्याचा सैल करूनही आवाजांत फरक पडत नाहीं, तो आळशी. हें करतांना नटावर फडकें धरावें व हात दूर ठेवावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर तर बोट कधींही धरूं नये. तो फवारा कातडी भेदून आंत जातो. बाहेरून टांचणीएवढी खूण दिसते, पण तेवढ्यानें हात गमावण्याची पाळी येते. असें झाल्यास दुखत नसलें तरी ताबडतोब इस्पितळ गांठावें.

शेवटीं पावसाळ्याची विश्रांति. गेल्या कांहीं वर्षांपासून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. पुष्कळ मालक समजतात कीं या दोन महिन्यांत इंजिनालाही विश्रांति मिळाली. वस्तुतः चालण्यानें इंजिन झिजतें त्याहून अधिक तें नुसतें उभें राहून गंजतें. म्हणून नौका वर ओढण्यापूर्वींच वंगण बदलावें. जुन्या वंगणांत आम्लें व पाणी असतें, तें दोन महिने बेअरिंगांवर ठेवूं नये. थंड करण्याच्या वाटांतून गोडें पाणी भरपूर फिरवावें व मग सर्व पाणी काढून टाकावें. इंपेलर काढून वेगळा ठेवावा, म्हणजे त्याच्या पाकळ्या एकाच बाजूस वांकून राहत नाहींत. जस्ताचे तुकडे झिजले असल्यास बदलावेत. समुद्राच्या पाण्यांत ते स्वतः झिजून इंजिनाच्या धातूचें रक्षण करतात. प्रत्येक सिलिंडरांत चमचाभर वंगण सोडावें, आणि पंधरा दिवसांनीं एकदां, खिट्टी उचलून, हॅण्डलानें इंजिन दोन-चार फेरे फिरवावें.

पावसाचें पाणी आंत जाऊं नये म्हणून नळ्यांचीं तोंडें बंद करावीं लागतात, तीं खुशाल करावींत. परंतु एक चिंधी कोंबली कीं तिला एक लांब दोरी बांधून बाहेर सोडावी आणि एका पुठ्ठ्यावर लिहावें: ‘टाकीची नळी बंद. धुराची नळी बंद. समुद्राची तोटी बंद.’ तो पुठ्ठा हॅण्डलास घट्ट बांधून ठेवावा. बॅटरीनें इंजिन सुरू करणाऱ्यांनीं तो किल्लीच्या जागीं बांधावा. मग ज्याला इंजिन सुरू करावयाचें आहे, त्याच्या हातांत आधीं तो पुठ्ठा येईल. मनुष्याच्या स्मरणशक्तीवर मीं १९८४ पासून विश्वास ठेवणें सोडून दिलें आहे. या पुठ्ठ्यानें मला आजवर फसविलें नाहीं.

त्याचप्रमाणें प्रत्येक नौकेवर एक साधी वही असावी. कोणत्या दिवशीं काय बदललें, कोणी बदललें, इंजिन किती तास चाललें, एवढेंच तींत लिहावें. ‘शेवटचा हात कोणाचा?’ या प्रश्नाचें उत्तर ती वही क्षणांत देते.

हल्लीं नवीं इंजिनें येत आहेत. तीं संगणकाच्या साह्यानें चालतात, तेल कमी खातात, धूर कमी सोडतात. त्यांचा मी निंदक नाहीं. परंतु जोंवर आपल्या बंदरांतून हीं जुनीं इंजिनें ठोके देत आहेत, तोंवर त्यांच्यावर पांच-सहा कुटुंबांचे कर्ते पुरुष विसंबून समुद्रावर जात आहेत, हें मालकांनीं विसरूं नये. या इंजिनांचा स्वभाव सरळ आहे. तीं बहुधा आधीं सूचना देतात. बारीक झालेली पाण्याची धार, बदललेला धूर, वंगणाच्या कांडीवरचा वेगळा रंग, हीच त्यांची भाषा. ती रोज दहा मिनिटें ऐकणारा मनुष्य नौकेवर असावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

ते तांडेल आतां हयात नाहींत. माझ्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलांना पाना हातांत देण्यापूर्वीं मी ती रंग लागलेली चिंधी दाखवितों आणि तिची हकीकत सांगतों. आज ती आपणांसही सांगितली. आपल्यापैकीं जे कोणी उद्यां पहांटे इंजिन सुरू करणार असतील, त्यांनीं आधीं टाकीची नळी एकदां पाहावी, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.